गॅस नेटवर्कचा ट्रेस अडकला? आधी हे सात प्रश्न विचारा



आजचा लेख गॅस पाइपलाइनच्या मॅपिंगचं काम घेणाऱ्या छोट्या ऑफिसांसाठी आहे. दोन-तीन कॉम्प्युटर, तीन-चार मुलं-मुली आणि वरच्या कॉन्ट्रॅक्टरकडून आलेलं काम, एवढाच पसारा असलेली ऑफिसं. शहरांत घरोघरी पाइपचा गॅस पोचतोय तसं हे कामही वाढतंय. रेट फार नाही, पण काम सलग मिळतं. अडचण एकच. नकाशा काढून झाला म्हणजे काम संपलं असं होत नाही. ट्रेस पास झाला की काम संपतं, आणि बिल नेमकं तिथेच अडकतं.

मागे एकदा रात्री साडेदहाला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. सांगलीकडे भावासोबत तिचं छोटं ऑफिस आहे.

"सर, झोपला नाहीत ना? उद्या बारा वाजता सबमिशन आहे. दहा टेस्ट ट्रेस दिलेत. सात पास झाले, तीन फेल. कालपासून सगळं तीनदा तपासलं. नकाशा एकदम बरोबर दिसतोय हो!"

मी म्हटलं, "अगं, दिसतोय ना? तिथेच घोळ आहे. स्क्रीन शेअर कर."

रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही बसलो. तीनही ट्रेस सुटले. पण खरा धक्का पास झालेल्या सातांपैकी एकाने दिला. ते शेवटी सांगतो. आधी, त्या रात्री ज्या क्रमाने आम्ही शोधत गेलो, तो क्रम तुमच्या हातात देतो. काम आर्कजीआयएस प्रो आणि त्यातल्या युटिलिटी नेटवर्कवर होतं. बटणांची नावं त्यातली आहेत, पण विचार करण्याची पद्धत कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडेल.

ट्रेस म्हणजे नेमकं काय?

नवीन मंडळींसाठी दोन मिनिटं. ट्रेस म्हणजे पाइपवरून बोट फिरवत जाणं. इथून निघालो तर गॅस कुठे-कुठे पोचतो, हा गॅस येतो कुठून, इथे गळती झाली तर कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे, असे प्रश्न आपण विचारतो आणि सॉफ्टवेअर बोट फिरवून उत्तर देतं.

शहरातल्या गॅसची वाट डोक्यात पक्की हवी. सिटी गेट स्टेशनपासून जाड स्टीलची लाइन जास्त दाबाचा गॅस घेऊन निघते. ती डीआरएसपर्यंत, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेग्युलेटिंग स्टेशनपर्यंत येते. तिथे दाब उतरवून साधारण ४ बारवर आणतात. पुढे एमडीपीईची, म्हणजे प्लास्टिकची लाइन रस्त्यांखालून जाते. सोसायटीच्या गेटजवळ सर्व्हिस रेग्युलेटर दाब आणखी खाली आणतो, साधारण १०० मिलीबारपर्यंत. आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी तो जेमतेम २१ मिलीबार उरतो.

ही वाट ज्याला माहीत नाही, त्याला ट्रेसचं उत्तर चुकलं तरी कळत नाही. म्हणून मी क्लासमध्ये पहिला दिवस कॉम्प्युटर चालूच करत नाही. कागदावर ही वाट काढून घेतो.

प्रश्न पहिला: तू कुठल्या व्हर्जनमध्ये आहेस, आणि व्हॅलिडेट केलंस का?

हसू नका. दहातल्या चार वेळा दुखणं इथेच असतं.

एकाच डेटावर चार जण काम करतात तेव्हा प्रत्येकाची वेगळी व्हर्जन असते. भावाने दुरुस्ती त्याच्या व्हर्जनमध्ये केली आणि बहीण ट्रेस डिफॉल्टवर चालवतेय. त्याने ती पोस्ट केली नसेल, तर तिला जुनंच चित्र दिसणार.

दुसरी गोष्ट व्हॅलिडेटची. तुम्ही लाइन हलवली, व्हॉल्व्ह टाकला, की नकाशावर ते लगेच दिसतं. पण ट्रेस नकाशा बघत नाही. कोण कोणाला जोडलंय याची नेटवर्कची स्वतःची एक वही असते, ट्रेस ती वही वाचतो. बदल केलेल्या जागी रेघारेघांचा चौकोन येतो ना, ती डर्टी एरिया. त्याचा अर्थ असा की या जागेची नोंद वहीत अजून चढलेली नाही. व्हॅलिडेट केल्यावर ती चढते.

व्हॅलिडेट करूनही चौकोन गेला नाही, तर तिथे चूक आहे. एरर इन्स्पेक्टर उघडा आणि काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे एरर वाचायची सवयच नाही. लाल काही दिसलं की बंद करून पुन्हा चालवायचं. डॉक्टरने रिपोर्ट हातात दिला तर आपण न वाचता फाडतो का?

आणि ट्रेसच्या खिडकीत व्हॅलिडेट कन्सिस्टन्सी नावाचा एक पर्याय असतो. ट्रेसच्या वाटेत डर्टी एरिया आली तर तो ट्रेस थांबवून तुम्हाला सांगतो. काही जण 'कटकट नको' म्हणून तो काढून टाकतात. मंडळी, तो काढला की ट्रेस चालतो, पण जुन्या वहीवर चालतो. तो चालूच ठेवा.

प्रश्न दुसरा: साधा कनेक्टेड ट्रेस चालतो का?

अपस्ट्रीम, आयसोलेशन वगैरे मोठे ट्रेस बाजूला ठेवा. सगळ्या अटी, सगळे बॅरिअर काढा आणि फक्त कनेक्टेड ट्रेस चालवा. तो फक्त एवढंच बघतो की एकाला दुसरं जोडलंय का.

याचा फायदा मोठा आहे. कनेक्टेड ट्रेसच अर्ध्यात थांबला, तर जोडणीत गडबड आहे. तो नीट चालला पण अपस्ट्रीम थांबला, तर जोडणी ठीक आहे आणि गडबड माहितीत किंवा सेटिंगमध्ये आहे. एका क्लिकमध्ये अर्धं जंगल कापलं गेलं.

तिचा पहिला फेल ट्रेस असाच होता. डीआरएसपासून निघून मेन लाइनच्या शेवटापर्यंत, म्हणजे साधारण ८०० मीटर जायचा होता, तो मध्येच संपत होता. ती झूम करून एकेक फिटिंग तपासत बसली होती. मी म्हटलं, "अगं, सुरुवातीपासून नको शोधूस. जिथे हिरवं संपतं, तिथून पलीकडे दुसरा स्टार्टिंग पॉइंट ठेव."

पलीकडून ट्रेस चालवला की तो उलट्या बाजूने त्याच जागी येऊन थांबतो. दोन्हीकडून थांबण्याची जागा एकच आली, म्हणजे तुटलेला सांधा तोच. आणि ट्रेस कुठवर गेला ते गर्दीच्या नकाशावर नीट दिसत नसेल, तर अर्धं-अर्धं करत जा. ८०० चे ४००, ४०० चे २००, मग १००, ५०, २५. पाच वेळा अर्धं केलं की तुम्ही २५ मीटरच्या तुकड्यावर येता. तेवढ्यात दोन-तीन फिटिंग असतात, ती डोळ्यांनी बघता येतात.

प्रश्न तिसरा: सांधा खरंच जुळलाय की नुसता जुळल्यासारखा दिसतोय?

आता त्या २५ मीटरच्या तुकड्यात काय बघायचं? तीन गोष्टी.

एक, फट. जुना नकाशा ऑटोकॅडमधून आलेला असतो. तिथे काढणाऱ्याने स्नॅप न लावता रेघ ओढलेली असते. आर्कजीआयएसचा नेहमीचा टॉलरन्स १ मिलिमीटर आहे. फट ३ मिलिमीटरची असली तरी सॉफ्टवेअरच्या हिशेबाने पाइप तुटलेला आहे. तुम्हाला ती दिसण्यासाठी एकास एक स्केलवर जावं लागेल.

दोन, मधला बिंदू. मेन लाइनच्या मध्यावरून सर्व्हिस लाइन निघते, तिथे मेन लाइनवर व्हर्टेक्स हवा. सर्व्हिस लाइनचं टोक मेनवर अगदी बरोबर टेकलंय, पण मेनवर त्या जागी व्हर्टेक्स नाही, तर जोड नाही. शिवाय त्या लाइनच्या प्रकाराला मध्ये कुठेही जोडायची परवानगी आहे की फक्त टोकाला, तेही बघा. फक्त टोकाला असेल, तर मेन तिथे तोडावीच लागते.

तीन, उंची. हे सगळ्यांत फसवं. युटिलिटी नेटवर्क नुसतं एक्स-वाय बघत नाही, झेडही बघतं. सर्व्हेवाल्याने डीजीपीएसने व्हॉल्व्ह टिपला, त्याला समुद्रसपाटीपासूनची उंची आली साडेपाचशे मीटर. तुमची लाइन जुन्या नकाशातून आली, तिचा झेड शून्य. वरून बघितलं तर व्हॉल्व्ह लाइनवर बसलेला. प्रत्यक्षात तो साडेपाचशे मीटर वर आकाशात लटकतोय!

तिचं दुखणं हेच निघालं. एका टीची फट बुजवली, तरी ट्रेस पुढे जाईना. झेड तपासला आणि ती स्वतःच हसायला लागली. "सर, माझा व्हॉल्व्ह विमानात बसलाय."

प्रश्न चौथा: दोघांना एकमेकांशी जोडायची परवानगी आहे का?

या नेटवर्कमध्ये दोन वस्तू एका जागी आल्या म्हणजे जोडल्या गेल्या असं नाही. कोण कोणाला जोडू शकतो याचे नियम आधीच ठरवलेले असतात. स्टीलची लाइन आणि पीईची लाइन सरळ एकमेकींना चिकटत नाहीत, मध्ये ट्रान्झिशन फिटिंग लागतं. खड्ड्यातही तसंच असतं आणि नकाशातही.

नियम लागू होतो तो वस्तूच्या प्रकारावर, म्हणजे असेट ग्रुप आणि असेट टाइपवर. आता घोळ कुठे होतो? डेटा लोड करताना हा कॉलम जुळवला नाही, तर सगळ्या वस्तू 'अननोन'मध्ये जाऊन बसतात. नकाशावर व्हॉल्व्हचं चिन्ह दिसतं, पण नेटवर्कला तो व्हॉल्व्ह आहे हे माहीतच नाही.

तिचा तिसरा फेल ट्रेस याच जातीचा होता. आयसोलेशन ट्रेस लावला, तर दोन-चार व्हॉल्व्ह दाखवायचे सोडून अर्धा वॉर्ड रंगवून मोकळा. कारण एका भागातले ११ व्हॉल्व्ह अननोन होते, त्यामुळे ते 'अडवणारे' म्हणून मोजलेच गेले नाहीत. ट्रेस त्यांच्यातून आरपार गेला.

इथे एक मोह होतो, तो सांगून ठेवतो. नियम आडवा येतो म्हणून काही जण मध्ये डमी फिटिंग टाकतात. ट्रेस पास होतो, बिलही निघतं. पण जमिनीत ती फिटिंग नाही. उद्या कोणी ती शोधायला खड्डा खणेल आणि तिथे सलग पाइप असेल, कुदळ त्यावरच बसेल. डमी टाकू नका. नियम चुकीचा वाटत असेल, तर कंपनीच्या अ‍ॅडमिनला लेखी विचारा.

प्रश्न पाचवा: काय चालू आहे, काय बंद आहे?

कनेक्टेड ट्रेस नीट जातो, पण बाकीचे ट्रेस अडतात, तेव्हा आधी स्थितीचे कॉलम बघा.

व्हॉल्व्हची स्थिती उघडा की बंद? लोड करताना सगळ्यांना चुकून 'बंद' पडलं असेल, तर पहिल्याच व्हॉल्व्हला ट्रेस संपणार. लाइनची अवस्था कोणती? प्रस्तावित, वापरात, की सोडून दिलेली? बहुतेक कंपन्यांच्या सेटिंगमध्ये 'वापरात' नसलेल्या लाइनवर ट्रेस थांबतो, आणि ते बरोबरच आहे. पण गॅस चालू होऊन वर्ष झालं तरी नकाशात लाइन प्रस्तावितच असते, कारण कमिशनिंगचा कागद आपल्यापर्यंत आलेलाच नसतो. तो कागद मागून घ्या. अंदाजाने बदलू नका.

लक्षात ठेवा, हे कॉलम बदलले तरी पुन्हा डर्टी एरिया तयार होते. पुन्हा व्हॅलिडेट करायचं. "सर, मी तर फक्त टेबलमध्ये बदललं" असं सांगत दरवेळी कोणीतरी येतंच.

प्रश्न सहावा: गॅस कुठल्या तोंडाने आत जातो?

अपस्ट्रीम आणि डाउनस्ट्रीम ट्रेसला दिशा लागते. ती दिशा रेघ कुठून कुठे ओढली त्यावर ठरत नाही. ती ठरते सबनेटवर्क कंट्रोलरवरून. म्हणजे या भागाचा गॅस या जागेवरून सुरू होतो, असं आपण नेटवर्कला सांगितलेलं असतं. ४ बारच्या भागासाठी तो मान सहसा डीआरएसमधल्या रेग्युलेटरला मिळतो. कंट्रोलर ठरवलेलाच नसेल, तर अपस्ट्रीमला काय विचारणार? तो एररच देईल.

आणि रेग्युलेटरला दोन तोंडं असतात, आत येणारं आणि बाहेर जाणारं. सॉफ्टवेअरमध्ये त्यांना टर्मिनल म्हणतात. लाइन कुठल्या टर्मिनलला जोडली, ते नकाशावर बघून कळत नाही, कारण दोन्ही लाइन एकाच बिंदूला येतात. मॉडिफाय टर्मिनल कनेक्शन्समध्ये जाऊन बघावं लागतं.

तिचा दुसरा फेल ट्रेस इथेच अडला होता. सोसायटीच्या सर्व्हिस रेग्युलेटरपासून उलट डीआरएसपर्यंत जायचं होतं. डीआरएसमधली बाहेर जाणारी पीई लाइन आत येणाऱ्या तोंडाला जोडलेली निघाली. टर्मिनल बदललं, व्हॅलिडेट केलं, चाललं. दोन मिनिटांचं काम होतं. शोधायला तिचे दोन दिवस गेले होते, कारण ती सारखी पाइपच तपासत होती.

एक सावधगिरी. एखादा भाग दोन डीआरएसवरून दोन्ही बाजूंनी भरला जात असेल, रिंग असेल, तर 'गॅस कुठून येतो' याचं एकच उत्तर नसतं. तिथे अपस्ट्रीमने दोन्ही बाजू रंगवल्या म्हणून घाबरू नका. ती चूक नाही, तिथलं नेटवर्कच तसं आहे.

प्रश्न सातवा: उत्तर आलं, पण ते खरं आहे का?

आता रात्रीचा एक वाजला होता. तीनही ट्रेस पास. ती म्हणाली, "सर, उपकार झाले. झोपा आता."

मी म्हटलं, "थांब. पास झालेला एक आयसोलेशन ट्रेस दाखव. कुठलाही."

तिने नववा लावला. एका गल्लीतल्या १२५ मिलिमीटरच्या मेनवर गळती धरलेली. उत्तर आलं: दोन व्हॉल्व्ह. कंपनीने दिलेल्या शीटमध्येही अपेक्षित उत्तर दोनच. हिरवी टिक.

"हे दोन व्हॉल्व्ह शेवटचे कोणी बघितले? सर्व्हेचे फोटो आहेत ना?"

पहिल्याचा फोटो उघडला. चेंबर, झाकण, नंबर, सगळं स्वच्छ. दुसऱ्याचा उघडला. फोटोत नुसता काळा रस्ता. नवा, गुळगुळीत. सर्व्हेच्या मुलाने शेरा लिहिला होता: चेंबर सापडला नाही, डांबराखाली असावा, जागा जुन्या ड्रॉइंगवरून घेतली.

दोघंही गप्प झालो. रस्ता नवा करताना झाकणावरून डांबर ओढलं गेलं होतं. व्हॉल्व्ह जमिनीत होता, पण हाताला लागणार नव्हता. आणि तिच्या टेबलमध्ये त्याच व्हॉल्व्हसमोर 'वापरता येतो' या कॉलममध्ये 'होय' होतं. कोणी भरलं? कोणीच नाही. लोड करताना आपोआप पडलेली किंमत होती ती.

म्हणजे बघा. उद्या त्या गल्लीत जेसीबीने पाइप फोडला, कंट्रोल रूमने ट्रेस लावला, दोन व्हॉल्व्ह आले, माणसं धावली. एक बंद केला. दुसरा शोधतायत. रस्त्यावर झाकणच नाही. तोवर गॅस बाहेर येतोय.

तिने 'होय'चं 'नाही' केलं, व्हॅलिडेट करून पुन्हा ट्रेस लावला. आता उत्तर आलं चार व्हॉल्व्ह, आणि बंद होणाऱ्या भागात दोन सोसायट्या आणि एक हॉटेल वाढलं. खरं उत्तर हे होतं. मात्र शीटवर अपेक्षित आकडा दोन असल्यामुळे आता नववी टेस्ट फेल होणार होती.

तिचा आवाज उतरला. "सर, दोन महिन्यांचं बिल आहे. मुलांचे पगार थकलेत. टेस्टला दोनच मागितलेत ना? आत्ता 'होय'च ठेवते, नंतर कळवते त्यांना."

मी तिला उपदेश केला नाही. तिच्या जागी मीही कधीकाळी 'नंतर कळवतो' म्हटलेलं आहे, आणि ते नंतर कधीच आलेलं नाही. मी तिला फक्त एक घटना सांगितली. ९ सप्टेंबर २०१० ला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो गावात वस्तीखालची ३० इंची गॅस लाइन फुटली. ८ माणसं गेली, ३८ घरं नष्ट झाली. नंतर चौकशीत कळलं की कंपनीच्या नोंदीत तो पाइप बिनजोडाचा होता, प्रत्यक्षात जमिनीत जोड मारलेले तुकडे होते आणि जोडच सदोष होता. आणि फुटल्यावर तिथला गॅस थांबवायला ९५ मिनिटं लागली. ती मोठ्या दाबाची लाइन होती, आपली गल्लीतली ४ बारची. तुलना सरसकट करू नये. पण नोंदीत एक आणि जमिनीत दुसरं, एवढी गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, मेलमध्ये कसं लिहू? त्यांना चूक दाखवली असं वाटायला नको."

आम्ही मेल लिहिला. चार ओळींचा. टेस्ट ९ चं अपेक्षित उत्तर २, आमचं उत्तर ४. कारण: अमुक क्रमांकाचा व्हॉल्व्ह जागेवर दिसत नाही, फोटो जोडला आहे. आपल्या मेंटेनन्स विभागाने जागा तपासावी, ही विनंती. तपासणीनंतर नोंद लगेच बदलून देऊ.

सबमिशन वेळेत गेलं. टेस्ट ९ फेल लागली. बिल अठरा दिवस अडकलं, त्यात तिने भिशीतून पैसे उचलून पगार केले. मग मेंटेनन्सची माणसं गेली, डिटेक्टरने चेंबर शोधला, डांबर फोडलं, झाकण वर घेतलं. व्हॉल्व्ह फिरवून पाहिला, फिरला. तिने 'नाही'चं पुन्हा 'होय' केलं, व्हॅलिडेट केलं. ट्रेसचं उत्तर दोन. पास. आकडा तोच, पण आता त्या दोनावर कोणीही विश्वास ठेवून धावू शकतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. अडकलेला ट्रेस त्रास देतो, पण तो प्रामाणिक असतो. काहीतरी चुकलंय हे तो तोंडावर सांगतो. न अडकता चुकीचं उत्तर देणारा ट्रेस जास्त घातक, कारण त्याच्यासमोर हिरवी टिक असते.

ऑफिसमध्ये उद्यापासून काय कराल?

कामाला लागण्याआधी या पाच गोष्टी लावून घ्या.

पहिली: आपोआप पडणाऱ्या किमती बंद करा. व्हॉल्व्हच्या कॉलममध्ये 'होय' आणि 'नाही' यांच्यासोबत 'माहिती नाही' हा तिसरा पर्याय हवा, आणि सुरुवातीला सगळीकडे तोच पडू दे. जो बघितला तोच 'होय' करायचा.

दुसरी: आयसोलेशन ट्रेसच्या फिल्टर बॅरिअरमध्ये नुसतं 'व्हॉल्व्ह आहे' एवढी अट ठेवू नका. 'व्हॉल्व्ह आहे आणि वापरता येतो' अशी दुहेरी अट ठेवा. 'माहिती नाही' असलेला व्हॉल्व्ह अडवणारा म्हणून मोजायचा नाही. त्यासाठी तो कॉलम नेटवर्क अ‍ॅट्रिब्यूटला जोडलेला असावा लागतो, नाहीतर ट्रेसच्या अटीत तो दिसणारच नाही. ते काम कंपनीच्या अ‍ॅडमिनचं, पण मागणी तुम्ही करायची.

तिसरी: तफावतीची वही ठेवा. कागदावर एक, जागेवर एक, असं जिथे दिसेल तिथे तारीख, फोटो, व्हॉल्व्ह क्रमांक. दर आठवड्याला ती वही वर पाठवा. सबमिशनच्या आदल्या रात्री पाठवलेली तफावत तक्रार वाटते, दर सोमवारी पाठवलेली तीच तफावत काम वाटते. बिल अडकण्याची शक्यता इथेच अर्धी होते.

चौथी: कोटेशनमध्ये जागेवर जाऊन तपासण्याचा दर वेगळा लिहा. आपण तो मीटरच्या दरात गिळतो आणि मग तपासणी टाळतो. वेगळा लिहिला की समोरच्याला त्याची किंमत कळते, आणि नको म्हणाला तर तेही लेखी राहतं.

पाचवी: दर भागातला एक ट्रेस अशा माणसाला दाखवा ज्याने त्या भागात हाताने काम केलंय. साइटचा सुपरवायझर, पेट्रोलिंगवाला, कोणीही. स्क्रीन त्याच्याकडे फिरवा आणि विचारा, "काका, इथे गळती झाली तर तुम्ही काय बंद कराल?" त्याचं उत्तर आणि ट्रेसचं उत्तर जुळलं नाही, तर दोघांपैकी एक चुकतोय. कोण, ते शोधा. बरेचदा काका बरोबर असतात.

लायसन्स नसलेल्यांसाठी

काही जण म्हणतात, सर, एवढं महाग सॉफ्टवेअर आमच्याकडे नाही, शिकायचं कसं? क्यूजीआयएस फुकट आहे. त्यात टोपॉलॉजी चेकर नावाचं प्लगइन आहे, त्यावर फटी आणि लटकती टोकं शोधायचा सराव करा. नेटवर्क अ‍ॅनालिसिसमधलं सर्व्हिस एरियाचं टूल लावून एका बिंदूपासून लाइन कुठवर जोडलेली आहे ते बघा. ते रस्त्यांसाठी बनवलेलं आहे, व्हॉल्व्ह, टर्मिनल, नियम त्याला कळत नाहीत. पण पहिल्या तीन प्रश्नांतला जोडणीचा जेवढा भाग आहे, तेवढा हात त्यावर नक्की बसतो. आपल्याच गल्लीची एक खोटी गॅस लाइन काढा, मुद्दाम तीन चुका करा आणि मित्राला शोधायला द्या. त्याने रचलेल्या चुका तुम्ही शोधा. आठवड्याभरात नजर तयार होते.

सातही प्रश्न एका कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या वर चिकटवा: व्हर्जन आणि व्हॅलिडेट, कनेक्टेड ट्रेस, सांधा, नियम, स्थिती, दिशा, आणि जागेवरचं खरं. क्रम मोडू नका. मधूनच सहाव्यावर उडी मारली की दोन दिवस जातात, हे आता तुम्हाला माहीत आहे.

आमच्या सांगलीच्या मॅडमनी तो कागद लॅमिनेट करून लावलाय. त्यात सातव्या प्रश्नाखाली पेनाने स्वतःची एक ओळ वाढवलीय: "फोटो उघडून बघितलास का?" नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी ती तेवढंच शिकवते.

चला तर मग, पुढच्या भागात आपण तफावतीची वही एक्सेलमध्ये कशी बनवायची ते पाहू. तोपर्यंत, आज पास झालेला एक तरी ट्रेस पुन्हा उघडा आणि त्यातल्या एका व्हॉल्व्हचा फोटो बघा.

भेटूया!